गर्वाचे घर खाली : संत ऑगस्टिन

ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस ख्रिस्तसभा लागोपाठ दोन सण साजरे करते. २७ तारखेला संत मोनिका आणि दुसऱ्याच दिवशी, २८ तारखेला, तिचा मुलगा संत ऑगस्टिन. आईचा मान आधी, लेकाचा नंतर. मुलगा वाईट संगतीला लागला की आपल्याकडच्या आया मोनिकेला साकडे घालतात. २०२५ च्या मे महिन्यात ऑगस्टिनच्या नावाने चालणाऱ्या संघाचे सभासद पोप लिओ चौदावे म्हणून निवडून आले, तेव्हापासून ऑगस्टिन हे नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आहे. पण नावापलीकडे आपल्याला काय ठाऊक असते? तरुणपणी बाईच्या नादाने बहकलेला आणि पुढे संत झालेला एक माणूस, एवढेच. आमच्या मते ही अर्धीच गोष्ट झाली. ऑगस्टिनचा मुरलेला आजार वेगळाच होता. तो होता गर्व. देहाच्या पापाची लाज वाटते, म्हणून माणूस केव्हातरी त्याकडे वळून पाहतो. गर्वाची लाज वाटत नाही. उलट तो आपल्याला सद्‌गुणच वाटत राहतो.

ऑगस्टिनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतल्या थगास्ते या गावी झाला. हे गाव आज अल्जेरिया देशात आहे. वडील पॅट्रिशियस थोडीबहुत शेती असलेले, गावच्या कारभारातले, तापट स्वभावाचे, आणि ख्रिस्ती नसलेले. मरणाच्या थोडे आधी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आई मोनिका पक्की ख्रिस्ती. तिने बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करवून घेतली, मीठ दिले, दीक्षार्थी म्हणून त्याचे नाव घातले. पण बाप्तिस्मा दिला नाही. त्या काळी तशी रीतच होती. तारुण्यातली पापे होऊन जाऊ द्यावीत आणि मग एकदाच सगळे धुऊन काढावे, असा लोकांचा हिशेब असे. लहानपणी ऑगस्टिन एकदा मरणाच्या दारी पोहोचला होता. बाप्तिस्म्याची तयारी झाली, पण त्याला बरे वाटले आणि पुन्हा लांबणीवर पडले.

मुलगा हुशार. बापाने पदरमोड करून त्याला शिकवले. सोळाव्या वर्षी पैसे संपले म्हणून तो वर्षभर घरी रिकामा बसला, आणि त्या वर्षात एका रात्री टोळक्याबरोबर शेजारच्या बागेतली नाशपतीची फळे त्याने चोरली. भूक नव्हती. घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली त्यांनी डुकरांपुढे टाकली. पुढे बिशप झाल्यावर त्यांनी या पोरकट चोरीवर पानेच्या पाने लिहिली आहेत. वाचणाऱ्याला हसू येते, पण त्यांना छळणारा प्रश्न साधा नाही. फळांसाठी नाही, तर मग कशासाठी? एकटा असतो तर मी हे केले नसते, हे त्यांना तेव्हा उमगले. सोबतीने पाप केले आणि सोबत्यांपुढे मागे हटायची लाज वाटली. सोबत माणसाला बुडवू शकते, हा त्यांच्या आयुष्यातला पहिला धडा.

गावातल्या रोमानियानस नावाच्या धनिकाने मदत केली आणि ऑगस्टिन कार्थेजला शिकायला गेला. तिथे एका स्त्रीबरोबर तो लग्नाविना राहू लागला. त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव अदेओदातुस. मराठीत सांगायचे तर देवदत्त. वक्तृत्वाच्या शाळेत ऑगस्टिनचा नंबर पहिला, आणि डोके आभाळात.

एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा एक ग्रंथ हाती आला आणि पैसा व प्रतिष्ठेपेक्षा सत्य मोठे आहे असे त्याला तीव्रतेने वाटले. त्याने बायबल उघडले. आणि लगेच मिटले. सिसेरोच्या झोकदार लॅटिनपुढे त्याला ती भाषा अडाण्यांची वाटली. बायबलचा दरवाजा बुटका आहे, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि त्याला वाकायचे नव्हते. तत्त्वज्ञान शिकलेल्या आमच्यासारख्यांनी हा प्रसंग फार पुढे घाईने वाचून जाऊ नये.

मग तो मानी नावाच्या इराणी गुरूच्या पंथात शिरला आणि तिथे नऊ वर्षे राहिला. त्या पंथाची शिकवण अशी की जगात प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वे झगडत आहेत आणि माणूस पाप करतो तेव्हा त्याच्यातला अंधार ते करतो. गर्विष्ठ माणसाला याहून सोयीचे काय असणार? पाप घडले, पण मी केले नाही! आजही आपण परिस्थिती, रक्त, ग्रह, शेजारी अशा कोणाच्या तरी नावावर खाते उघडतोच.

मुलगा पाखंडी झालेला पाहून मोनिकेने त्याला काही काळ घराबाहेर ठेवले. मग एका बिशपांकडे गेली आणि माझ्या मुलाशी चर्चा करा म्हणून विनवू लागली. बिशपांनी नकार दिला. मुलगा सध्या फुगलेला आहे, आता वाद घातला तर आणखी फुगेल, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी तिला प्रार्थना करत राहायला सांगितले आणि धीर देऊन परत पाठवले. ही शहाणीव आपल्या घरांतून दुर्मिळ आहे. जेवणाच्या ताटावर मुलाला उपदेश करून कोणी सुधारल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

थगास्तेत शिकवत असताना त्याचा जिवलग मित्र तापाने बेशुद्ध पडला आणि घरच्यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. शुद्धीवर आल्यावर ऑगस्टिनने त्या बाप्तिस्म्याची थट्टा केली. मित्रही हसेल असे त्याला वाटले होते. मित्राने त्याला तिथल्या तिथे खडसावले. काही दिवसांनी ताप उलटला आणि मित्र गेला. ऑगस्टिनला गावात राहणे अशक्य झाले. तो कार्थेजला परतला, आणि ३८३ साली आईला फसवून, ती संत सिप्रियनच्या प्रार्थनामंदिरात रात्रभर प्रार्थना करत असताना, जहाजात बसून रोमला निघून गेला.

रोमचे विद्यार्थी फी बुडवत. वर्षभरात त्याला मिलान शहरात वक्तृत्वाच्या प्राध्यापकाचे सरकारी पद मिळाले. सम्राटाचा दरबार तेव्हा तिथे होता. तिशीतल्या गावाकडच्या मुलाला आणखी काय हवे? एके दिवशी सम्राटाच्या स्तुतीचे भाषण मनात घोळवत, चिंतेने पिळवटून तो रस्त्याने चालला होता. त्या भाषणात खोटे भरपूर होते, आणि खोटे आहे हे ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असणार होते. वाटेत एक भिकारी दिसला, प्यायलेला आणि खुशीत. ऑगस्टिनच्या मनात आले, याची नशा रात्रीत उतरेल. माझी कीर्तीची नशा घेऊन मी झोपतो आणि तीच घेऊन उठतो.

मिलानचे बिशप होते संत अँब्रोज. ऑगस्टिन त्यांचे प्रवचन ऐकायला जाऊ लागला तो त्यांची शैली तपासायला. एका वक्त्याने दुसऱ्या वक्त्याची परीक्षा घ्यावी तसा. पण शब्दांबरोबर अर्थही आत शिरला. जुन्या करारातली जी वचने त्याला बालिश वाटत, त्यांचा खोल अर्थ अँब्रोज उलगडून दाखवत. तोवर मोनिकाही समुद्र ओलांडून मिलानला आली होती.

याच काळातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ऑगस्टिन आणि त्याचे सुमारे दहा मित्र मिळून एक बेत ठरवत होते. सगळ्यांनी आपापली मालमत्ता एकत्र करायची, दरवर्षी दोघांनी कारभार पाहायचा, बाकीच्यांनी सत्याच्या शोधात निवांत जगायचे. पैसेवाला रोमानियानस सर्वांत उत्साही होता. मग प्रश्न आला बायकांचा. कोणाची होती, कोणाची होणार होती. त्यांना हे चालेल काय? एवढ्यावर बेत मोडला. तो समूह होता, पण प्रत्येकाला त्यात स्वतःची सोय हवी होती. तो मोडला यात आम्हाला तरी नवल वाटत नाही.

आणि मग त्याने जे केले ते आम्हाला फार खटकते. प्रतिष्ठित घरातल्या एका मुलीशी त्याचे लग्न ठरले. यात आईचाही हात होता. सुमारे पंधरा वर्षे जिने संसार केला तिला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. आयुष्यभर दुसऱ्या पुरुषाकडे पाहणार नाही असा नवस करून, मुलाला बापाजवळ ठेवून ती गेली. तिचे नावसुद्धा ऑगस्टिनने कुठे लिहिलेले नाही. नवरी अजून वयात आलेली नव्हती, दोन वर्षे थांबायचे होते. तेवढा धीरही याला धरवला नाही आणि त्याने दुसरी बाई ठेवली. संतांच्या चरित्रातली अशी पाने आपण गाळू नयेत.

दरम्यान प्लेटोच्या परंपरेतले काही ग्रंथ त्याच्या हाती आले. देव देहमय नाही, आणि वाईट ही वेगळी वस्तू नसून चांगल्याची उणीव आहे, हे त्यांनी त्याला पटवले. बुद्धीचे प्रश्न बहुतेक सुटले. तरी पाय हलत नव्हते. त्या ग्रंथांत देवाचा शाश्वत शब्द होता. पण तो शब्द गव्हाणीत जन्मला, क्रूसावर मेला, हे नव्हते. खाली उतरलेला देव स्वीकारायचा तर आपल्यालाही खाली उतरावे लागते.

तेव्हा तो वृद्ध धर्मगुरू सिम्प्लिशियानुस यांच्याकडे गेला. त्यांनी वाद घातला नाही, एक गोष्ट सांगितली. त्याने वाचलेल्या ग्रंथांचे लॅटिन भाषांतर करणारे व्हिक्टोरिनुस हे रोमचे नामांकित प्राध्यापक. ते इतके मोठे की शहराच्या चौकात त्यांचा पुतळा उभा होता. म्हातारपणी बायबल वाचून ते खाजगीत सिम्प्लिशियानुसना सांगत, की मी मनाने ख्रिस्ती झालो आहे. सिम्प्लिशियानुस उत्तर देत, चर्चमध्ये दिसाल तेव्हा मी ते मानीन. व्हिक्टोरिनुस हसून विचारत, भिंतींनी माणूस ख्रिस्ती होतो काय? असे बरेच दिवस चालले. खरे कारण हे, की बड्या मित्रांपुढे हसे होईल याची त्यांना भीती होती. एके दिवशी ते स्वतःच म्हणाले, चला, चर्चमध्ये जाऊ. विश्वासाची कबुली उंचावर उभे राहून, सर्वांसमोर द्यायची प्रथा होती. लाजऱ्या लोकांना ती एकांतात देण्याची सवलत असे, तीही त्यांना देऊ केली गेली. त्यांनी नाकारली. ते वर चढले तेव्हा चर्चमध्ये त्यांच्या नावाचा आनंदाने पुकारा झाला आणि मग ऐकण्यासाठी सगळे शांत झाले. साध्या, अशिक्षित भाविकांनी त्या विद्वानाला आपल्यात घेतले.

भिंतींनी माणूस ख्रिस्ती होतो काय, हा प्रश्न आपल्याकडेही रविवारी घरी थांबणारे विचारतात. भिंतींनी होत नाही हे खरेच. पण भिंतींच्या आत जी माणसे असतात, त्यांच्या शेजारी गुडघे टेकायची तयारी हवी.

ऑगस्टिनच्या मनाला गोष्ट लागली. पुढे ३८६ च्या ऑगस्टमध्ये पोंतिशियानुस नावाचा दरबारी त्याच्या घरी आला. त्याने इजिप्तच्या संत अँथनींची आणि त्यांचे चरित्र वाचून नोकरी सोडणाऱ्या दोन सरकारी अंमलदारांची हकीकत सांगितली. ऑगस्टिनला आपलाच चेहरा समोर दिसू लागला. तो घरामागच्या बागेत गेला. त्याचा मित्र अलिपियस पाठोपाठ गेला आणि न बोलता शेजारी बसला. ऑगस्टिन रडू लागला, उठून अंजिराच्या झाडाखाली जाऊन पडला. शेजारच्या घरातून लहान मुलाचा गाण्यासारखा आवाज येत होता, उचल आणि वाच अशा अर्थाचा. त्याने संत पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले आणि रोमकरांस पत्रातल्या तेराव्या अध्यायाच्या शेवटावर नजर पडली. बेबंद जगणे सोडून ख्रिस्ताला परिधान करण्याविषयीचा तो भाग आहे. पुढे वाचायची गरज राहिली नाही.

इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात. पण अलिपियसने पुस्तक मागून घेतले आणि पुढची ओळ वाचली. चौदावा अध्याय विश्वासात दुबळा असलेल्याला जवळ करण्याविषयी सुरू होतो. तो दुबळा मीच, असे अलिपियसने मानले. दोघे उठून आईकडे गेले आणि तिला सांगितले. ऑगस्टिनचे परिवर्तन एकट्याचे नव्हते, ते या तिघांचे होते.

त्याने नोकरीचा राजीनामा दिला. वेरेकुन्दुस नावाच्या सहकाऱ्याने आपले कासिशियाकुम येथले शेतघर त्याला वापरायला दिले. तिथे आई, भाऊ, मुलगा, अलिपियस, दोन चुलत-मावस भाऊ आणि दोन विद्यार्थी असे सगळे काही महिने राहिले. सकाळी प्रार्थना, मग शेताची देखरेख, मग चर्चा. मोनिका घर सांभाळे आणि चर्चेतही बसे. न शिकलेली ती माउली तत्त्वज्ञानाच्या मर्मावर बोट ठेवी आणि शिकलेल्या लेकाला ते कबूल करावे लागे. दहा मित्रांचा मोडलेला बेत इथे वेगळ्या रूपात उभा राहिला.

३८७ च्या ईस्टरच्या जागरणविधीत, २४ एप्रिलच्या रात्री, संत अँब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टिन, अलिपियस आणि पंधरा वर्षांचा देवदत्त यांचा एकत्र बाप्तिस्मा झाला. त्या बाप्तिस्मा-कुंडाचे अवशेष मिलानच्या कॅथेड्रलखाली आजही पाहायला मिळतात. (इथवर आम्ही त्यांना एकेरी संबोधले, यापुढे तसे करवत नाही.) त्याच वर्षी आफ्रिकेला परतताना ओस्तिया बंदरात मोनिका वारली. तिचे वय ५६ होते. मला कुठेही पुरा, वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने मागितले. त्यानंतर दोनएक वर्षांत देवदत्तही गेला.

थगास्तेला येऊन ऑगस्टिननी मालमत्ता विकली आणि मित्रांसह मठवासी जीवन सुरू केले. ३९१ साली ते हिप्पो शहरात गेले असता तिथल्या लोकांनी त्यांना चर्चमध्ये धरले आणि बिशप वालेरियुस यांच्यापुढे उभे करून धर्मगुरूची दीक्षा घ्यायला लावली. ते रडत होते. काहींना वाटले, थेट बिशप केले नाही म्हणून रडताहेत! ३९५ च्या सुमारास ते बिशपही झाले.

बिशप झाल्यावर गर्व गेला काय? ३९७ च्या सुमारास लिहायला घेतलेल्या कन्फेशन्स या ग्रंथाच्या दहाव्या भागात ते आपले आजचे मोह लिहून काढतात, आणि सर्वांत चिवट म्हणून नमूद करतात तो स्तुतीचा मोह. कीर्ती तुच्छ मानतो याचाही माणसाला अभिमान वाटतो, इतके बारीक त्यांनी पाहिले होते. आपल्या भाविकांना सर्व काही वाचायला मिळेल अशा ग्रंथात एका बिशपाने हे लिहावे, याचे त्या काळी किती जणांना आश्चर्य वाटले असेल!

त्यांचा इलाज म्हणजे एकटे न राहणे. बिशपगृहात ते आपल्या धर्मगुरूंबरोबर एका ताटाने राहिले, कोणाच्याही नावावर मालमत्ता नाही. जेवणाच्या मेजावर, गैरहजर माणसाची निंदा करणाऱ्याने इथे बसू नये अशा अर्थाच्या ओळी कोरलेल्या होत्या. एकदा पाहुणे आलेले बिशपच तसे बोलू लागले, तेव्हा ऑगस्टिन म्हणाले, एकतर या ओळी पुसा, नाहीतर मी उठून जातो. त्यांनी घालून दिलेल्या नियमात इशारा आहे की इतर पापे वाईट कामांतून डोके वर काढतात, गर्व मात्र चांगल्या कामांतही दबा धरून असतो. हाच नियम पाळणारे मठवासी १५७२ साली गोव्यात आले आणि १८३५ पर्यंत होते. जुन्या गोव्याच्या टेकडीवर त्यांच्या चर्चचा उंच पडका बुरूज आपल्यापैकी अनेकांनी फेस्ताला जाताना पाहिला असेल.

त्या घरातही सगळे आलबेल नव्हते. ४२५ मध्ये यानुआरियुस नावाचे धर्मगुरू वारले आणि त्यांनी गुपचूप पैसा ठेवला होता हे मृत्युपत्रावरून उघड झाले. मुलगा व मुलगी दोघांना डावलून त्यांनी तो चर्चला दिला होता. ऑगस्टिननी तो घ्यायला नकार दिला, ते पैसे मुलांचेच आहेत असे ठरवले आणि प्रवचनात सर्व भाविकांना प्रकरण जसेच्या तसे सांगितले. मग काही दिवसांची मुदत देऊन, पुन्हा लोकांपुढे उभे राहून एकेका धर्मगुरूकडे काय आहे याचा हिशेब दिला. मला भारी झगा भेट देऊ नका, दिलात तर विकून गरिबांना वाटीन, असेही बजावले. फुसाला गावाला त्यांनी नेमलेला तरुण बिशप अंतोनिनुस लोकांना लुबाडू लागला, तेव्हा पोप सेलेस्टीन यांना पत्र लिहून, निवड माझी चुकली, याचे निवारण झाले नाही तर मी पद सोडायचा विचार करीन, असे त्यांनी कळवले. तेव्हा ते जवळपास सत्तर वर्षांचे होते आणि सबंध पश्चिम ख्रिस्तसभेत त्यांच्या शब्दाला मान होता. ४२६-२७ च्या सुमारास त्यांनी आपली सगळी जुनी पुस्तके पुन्हा वाचायला घेतली आणि कुठे काय चुकले याचेच एक पुस्तक लिहिले.

४३० साली व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. ऑगस्टिन तापाने अंथरुणाला खिळले. त्यांनी पश्चात्तापाची काही स्तोत्रे मोठ्या अक्षरांत लिहवून समोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि ती वाचत ते रडत पडून असत. शेवटचे दहा दिवस, वैद्य येत किंवा जेवण आणले जाई त्या वेळेखेरीज कोणी आत येऊ नये, असे त्यांनी सांगितले होते. २८ ऑगस्ट ४३० रोजी ते गेले तेव्हा त्यांच्या घरातले बंधू भोवती प्रार्थना करत उभे होते. मृत्युपत्र त्यांनी केले नव्हते. देण्यासारखे जवळ काही नव्हते. चर्चचे ग्रंथालय तेवढे नीट जपा, असे ते सांगून गेले होते. पुढे हिप्पो शहर ओस पडले, जळले. ग्रंथ मात्र वाचले.